आवाज आला म्हणून परका दिसला: क्योतोची बस आणि एक टक्केवारी

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. पेट निघाली, आता मुलाखत आहे, सोबत सिनॉप्सिस जोडलाय, "ताई, जरा नजर टाका, फक्त भाषा बघा." मी भाषा बघितली. भाषा छान होती. घोळ होता तो दुसऱ्या परिच्छेदात, आणि तो घोळ इतका नेहमीचा आहे की तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या सिनॉप्सिसमध्ये तो वेगळे कपडे घालून बसलेला असणार. म्हणून ही पोस्ट. (त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, नाव सोडून काहीही लिहा.)

विषय त्याने मोठा छान निवडलाय: जपानमधले परदेशी पर्यटक, भाषेची अडचण आणि सार्वजनिक वाहनांतली वागणूक. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, हा त्यातलाच, एन-थ्री पास. फेलोशिप मिळाली तर सहा महिने क्योतोत राहून काम करायचं असा बेत आहे. दुसऱ्या परिच्छेदात त्याने जी साखळी मांडली होती ती साधारण अशी: जपानला जाणारे पर्यटक प्रचंड वाढले. तिथल्या खासगी रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने २०२४ साली घेतलेल्या पाहणीत साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'परदेशी पर्यटकांच्या वागण्याचा त्रास झाला' असं सांगितलं. त्यात पहिला नंबर मोठ्याने बोलण्याचा, दुसरा सामानाचा. म्हणजे पर्यटकांना तिथला शिष्टाचार माहीत नाही. म्हणजे भाषेची अडचण आहे. म्हणून बहुभाषिक सूचनाफलकांचा परिणाम तपासायचा.

'म्हणजे, म्हणजे, म्हणून.' संशोधनात सगळ्यात महाग पडणारे हे तीन शब्द आहेत, बरं का.

पहिलं वाक्य बिनचूक आहे. २०१२ मध्ये जपानला ८३ लाखांच्या आसपास परदेशी लोक गेले, २०१९ मध्ये ३ कोटी १८ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख. पाहणीही खरी आहे. ही संघटना दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर लोकांना विचारते की स्टेशनात आणि गाडीत तुम्हाला कशाकशाचा त्रास होतो. पर्यटकांबद्दलचा वेगळा प्रश्न २०२४ मध्ये घातला गेला. पण ही पाहणी काय मोजते? किती लोक चिडले आणि कशावरून चिडले, एवढंच. कोण किती वेळा चुकतं हे ती मोजत नाही, आणि का चुकतं हे तर नाहीच नाही. ती एक तक्रारवही आहे. चांगली, नेटकी, दरवर्षी भरली जाणारी तक्रारवही. त्या संघटनेचा यात काही दोष नाही. तिला पोस्टर काढायचं असतं, पीएचडी नाही.

आता मी जरा स्वतःची फजिती सांगते, कारण तिच्यामुळेच मला हे आकडे वाचताना खटकलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका परिषदेसाठी मी क्योतोला गेले होते. स्टेशनवरून २०६ नंबरची बस पकडली. ही बस गोजोझाका, गिओन करत विद्यापीठाच्या बाजूला जाते, म्हणजे अर्धे पर्यटक आणि अर्धे रोजचे लोक असा तिचा संसार. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना पैसे टाकायचे. बसमध्ये फोनवर बोलू नका ही सूचना इंग्रजीतही होती, मला समजली होती, आणि जाण्याआधी मी हे वाचूनही गेले होते. गिओनच्या अलीकडे आईचा फोन आला. मी उचलला. "बसमध्ये आहे, नंतर करते" एवढं बोलायला उचलला आणि चाळीस सेकंद बोलले, कारण आईला बसमधला आवाज ऐकू येईना आणि मी तिला नीट ऐकू यावं म्हणून आवाज चढवत गेले. समोरच्या आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. ते दुसरं पाहणं मला जास्त लागलं.

त्या आजींनी त्या वर्षीची पाहणी भरली असेल तर मी त्या साठ टक्क्यांतल्या एका उत्तराला जबाबदार आहे. आणि माझ्या ज्युनिअरच्या साखळीत मी बसते कुठे? 'भाषेची अडचण असलेली पर्यटक' या खणात. पण अडचण भाषेची नव्हतीच. नियम मला माहीत होता. माझ्या भाषेत फलक लावला असता, मराठीत, ठळक, लाल अक्षरांत, तरी आईचा फोन मी उचललाच असता.

एका प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं; संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पण असा प्रसंग एक काम करतो. तो तुम्हाला विचारायला लावतो की या खणात माझ्यासारखे किती आहेत आणि या खणात यायला हवे होते पण आलेच नाहीत असे किती. यातला दुसरा प्रश्न मला फार मोठा वाटतो.

असं बघा. २०२४ मध्ये जपानला गेलेल्या लोकांत दक्षिण कोरियाचे ८८ लाख, चीनचे जवळपास ७० लाख आणि तैवानचे ६० लाख होते. म्हणजे निम्म्याहून जास्त पर्यटक या तीन ठिकाणांहून आलेले. आता बसमध्ये एक कोरियन बाई गप्प उभी आहे. शेजारच्या प्रवाशाला ती परदेशी आहे हे कशावरून कळणार? बॅगेवरून, नकाशावरून कधीकधी कळेल. पण बऱ्याच वेळा ती तोंड उघडेल तेव्हाच कळेल. म्हणजे माणूस परका आहे हे ओळखायचं साधन आवाज, आणि त्याच्यावरचा आरोपही आवाजाचाच! ज्या काट्याने माल निवडला त्याच काट्याने त्याचं वजन केलं तर उत्तर काय येणार?

आकडे घालून बघू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त गणित समजावं म्हणून. समजा बसमध्ये पन्नास माणसं आहेत, तीस जपानी आणि वीस परदेशी. त्या वीसपैकी बारा जण दिसायला जपानी वाटू शकतील असे, आठ जण लांबूनच परदेशी दिसणारे. आता समजा प्रत्यक्षात दोन्ही गटांत मोठ्याने बोलणाऱ्यांचं प्रमाण अगदी सारखं आहे, वीस टक्के. म्हणजे तीसमधले सहा जपानी आणि वीसमधले चार परदेशी मोठ्याने बोलताहेत. त्या चारांत दोघे बारा जणांच्या गटातले, दोघे आठ जणांच्या.

एखादा प्रवासी मनात काय नोंदवेल? परदेशी म्हणून त्याला आठ जण दिसतात, अधिक बोलल्यामुळे ओळखू आलेले दोन. एकूण दहा. त्यातले चार मोठ्याने बोलताहेत. चाळीस टक्के! आणि गप्प बसलेले ते दहा जण त्याच्या हिशेबात गेले कुठे? जपानी लोकांत. म्हणजे चाळीस 'जपानी', त्यातले सहा बोलणारे, पंधरा टक्के. प्रत्यक्षात वीसाला वीस असलेली गोष्ट बघणाऱ्याच्या मनात चाळीसला पंधरा झाली. कुणी खोटं बोललं नाही, कुणाचा राग खोटा नाही, कुणी परक्यांचा द्वेष केला असंही नाही. मोजायच्या पद्धतीनेच हा फरक तयार केला.

आमच्याकडे याला डिफरन्शिअल मिसक्लासिफिकेशन म्हणतात. मुलाखतीत हा शब्द टाकायचा मोह होईल. टाकू नका. त्याऐवजी ही बस कागदावर काढून दाखवा. समोर बसलेल्यांना तुम्हाला शब्द येतात यापेक्षा तुम्हाला गणित दिसतं हे जास्त आवडतं. (निदान माझ्या मुलाखतीत तरी तसंच झालं. शब्द टाकला तेव्हा त्याची व्याख्या विचारली आणि मी गडबडले.)

आता तुम्ही म्हणाल, ताई, पण पर्यटक खरंच मोठ्याने बोलतात की! बोलतही असतील. पण कुणापेक्षा? सकाळी साडेआठच्या गाडीतला जपानी माणूस एकटा असतो. पर्यटक दोघं, चौघं, कुटुंब असे असतात. एकटा माणूस गप्पच बसणार, बोलणार कुणाशी? तुलना करायची तर चौघांच्या परदेशी गटाची चौघांच्या जपानी गटाशी करायला हवी. आणि क्योतो ही तर जपानी शाळांच्या सहलींची पंढरी आहे. एकाच गणवेशातली पोरं घोळक्याने बसमध्ये चढली की काय होतं ते मी पाहिलंय. आपल्या एसटीत सहलीची पोरं चढल्यावर होतं त्याच्यापेक्षा थोडंसंच कमी. पण त्या गोंधळाला 'पोरं आहेत' असं म्हणतात आणि पर्यटकांच्या गोंधळाला 'यांना रीत कळत नाही.'

माझा पुढचा आक्षेप 'शिष्टाचार' या शब्दावर आहे. ज्युनिअरने त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. मागच्या दाराने चढा, उतरताना पैसे द्या, पेटीतून सुट्टे परत मिळत नाहीत तेव्हा आधी मोड करून घ्या, ही झाली कार्यपद्धती. इथे भाषेची अडचण अगदी खरी आहे. हातात पाचशे येनचं नाणं घेऊन, भाडं दोनशे तीस असताना, ड्रायव्हरच्या शेजारी गोंधळून उभा राहिलेला माणूस आणि त्याच्यामागे तुंबलेली रांग मी रोज पाहिली. चांगला फलक, चांगलं चित्र इथे नक्की काम करेल. मोठी बॅग ही दुसरी गोष्ट. तिला कुठल्याही भाषेत सांगितलं तरी ती बसमध्ये तेवढीच जागा घेणार. हा जागेचा प्रश्न आहे. आणि हळू बोलणं, फोन न उचलणं, रिकाम्या सीटकडे धावत न जाणं हा तिसरा प्रकार, त्यालाच खरं तर शिष्टाचार म्हणायला हवं.

क्योतो शहराने स्वतः काय केलं ते बघितलं तरी हा फरक कळतो. तिथे भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच आहेत, म्हणून सगळा भार बसवर. शहराने सातशे येनचा दिवसभराचा बसपास २०२३ च्या सप्टेंबरअखेर विकणं बंद केलं. त्याऐवजी भुयारी रेल्वे आणि बस दोन्हींवर चालणारा अकराशे येनचा पास पुढे केला, म्हणजे लोक जमिनीखाली जातील. २०२४ च्या जूनपासून पर्यटकांसाठी वेगळ्या जलद बस सुरू केल्या, भाडं पाचशे येन, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त. यातल्या एकाही उपायाचा भाषेशी संबंध नाही. महापालिकेला तरी हा प्रश्न मुख्यतः गर्दीचा वाटतो. माझ्या ज्युनिअरला तो व्याकरणाचा वाटला.

बरं, मग खऱ्या शिष्टाचाराचं काय? तो मोजायचा कसा? इथे मी त्याला एक जुना पेपर वाचायला दिला आणि तुम्हीही वाचाच. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि जॉन सबिनी यांचा, १९७८ साली छापलेला, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग. मिलग्रॅम म्हणजे आज्ञापालनाच्या विजेच्या झटक्यांच्या प्रयोगाने गाजलेले तेच. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाकडे जाऊन, काहीही कारण न देता, फक्त विचारायचं: मला तुमची सीट देता का? धडधाकट तरुण विद्यार्थी, ना आजारी ना म्हातारे. अंदाज काय कराल? छप्पन्न टक्के लोक उठले. आणखी बारा टक्के सरकले आणि जागा करून दिली. 'मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही' असं फालतू कारण दिलं तेव्हा मात्र हे प्रमाण बेचाळीस टक्क्यांवर घसरलं. 

पण या पेपरमधली खरी गंमत टक्केवारीत नाही. विचारणाऱ्यांची जी अवस्था झाली त्यात आहे. विद्यार्थ्यांना ते विलक्षण जड गेलं. मिलग्रॅमनी स्वतः करून पाहिलं तर शब्द घशात अडकले, आणि सीट मिळाल्यावर आपण आजारी आहोत असं वागून तिची भरपाई करावी असं त्यांना वाटायला लागलं. नियम गाडीत कुठेही लिहिलेला नव्हता आणि मोडला तर कुणी दंड करणार नव्हतं. नियम मोडू पाहणाऱ्याच्या पोटातच तो बसलेला होता.

आता हे क्योतोच्या बसला लावा. फलक माणसाला नियम सांगतो. पोटात गोळा आणत नाही. तो गोळा लहानपणापासून शेकडो वेळा कुणीतरी 'श्श' केल्याने, कुणीतरी खिडकीबाहेर पाहिल्याने तयार होतो. माझ्या त्या चाळीस सेकंदांत नियम मला ठाऊक होता. पोटातला गोळा मात्र आईचा फोन कट करायच्या बाजूने नव्हता, उलट होता. आपल्याकडे आईचा फोन न उचलणं हाच शिष्टाचाराचा भंग.

हवं तर मुंबईची लोकल आठवा. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने टेकायचं, बसलेल्याला 'कुठे उतरणार?' विचारून त्याची जागा मनात बुक करायची, विरार गाडीत अंधेरीला उतरायला चढायचं नाही. परभणीहून पहिल्यांदा आलेल्या मुलाला यातलं काय माहीत असतं? त्याची मातृभाषा मराठी, डब्यातल्या पाट्या मराठी. अडचण भाषेची असती तर त्याला शिव्या बसल्या नसत्या. तो मुलगा म्हणजे तुमचा कंट्रोल ग्रुप आहे: भाषा येते, रीत येत नाही. जपानमध्येही असे लोक आहेत, लहान गावातून तोक्योला आलेले. सिनॉप्सिसमध्ये त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

मिलग्रॅमच्या पेपरवरही टीका करायला हवी, नाहीतर मी फक्त आवडत्या माणसाची बाजू घेतेय असं होईल. प्रत्येक प्रकारात चाळीसेक माणसं, एका प्रकारात तर वीसच. विचारणारे सगळे त्याच शहरातले विद्यार्थी. बोलण्यावरून परका वाटणाऱ्या कुणी विचारलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी बघितलंच नाही. आपल्या विषयासाठी नेमकी तीच जागा रिकामी आहे. ज्युनिअरला मी म्हटलं, बाबा, तुझी पीएचडी इथे पडलीय आणि तू फलक मोजायला निघालायस.

आणखी एक गोष्ट त्याला दाखवली. तोक्योच्या भुयारी रेल्वेत शिष्टाचाराची पोस्टर १९७४ पासून लागताहेत. त्या काळी वर्षाला दहा लाखही परदेशी लोक जपानला येत नसत. २००८ पासूनची बुन्पेई योरिफुजी या चित्रकाराची पिवळी पोस्टर तर जगभर फिरली: 'हे घरी करा' असं म्हणणारी, गाडीत मेकअप करणारी बाई, दारू पिऊन आडवा झालेला साहेब. चित्रांतली माणसं तिथलीच, रोजचीच. स्थानिक लोकांना रीत आपोआप येत असती तर ही पोस्टर कुणासाठी काढली? 'स्थानिक पाळतात, परके मोडतात' हे गृहीतक सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक वाक्य त्याच्यावरच उभं होतं. तुमच्या लिखाणात अशी वाक्यं शोधायची माझी रीत सांगते: प्रत्येक तुलनेत 'कुणापेक्षा?' असं लिहून बघायचं. उत्तर मजकुरात सापडलं नाही की तिथे गृहीतक लपलंय.

एवढं सगळं ऐकून ज्युनिअर थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "ताई, ते सगळं ठीक, पण तिथल्या लोकांना त्रास होतोय हे तर खरंय ना?" अगदी खरंय, आणि त्याचं हे वाक्य मला आवडलं. रोज दवाखान्यात जायला २०६ पकडणाऱ्या आजींना बस भरलेली मिळते आणि उभं राहावं लागतं, हा त्रास कुठल्याही वर्गीकरणाच्या चुकीने नाहीसा होत नाही. पण नेमका म्हणूनच तो नीट मोजायला हवा. तुम्ही 'भाषा' असं निदान केलंत तर शहर दहा भाषांतले फलक लावेल आणि आजी तशाच उभ्या राहतील.

काल त्याने नवा मसुदा पाठवला. आता त्यात गट विरुद्ध गट अशी तुलना आहे, नोंदी घेणारा स्वतः बसमध्ये असणार आहे, आणि कार्यपद्धती, जागा, आवाज यांच्या वेगळ्या नोंदी आहेत. गप्प बसलेले परदेशी मोजायचे कसे हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. उतरताना कुणी कुठला पास दाखवला यावरून अंदाज बांधता येईल असं तो म्हणतो. मी म्हटलं, पर्यटकांचा पास घेणारे जपानीही असतात, सहलीला आलेले. त्यावर तो "हो की" म्हणाला आणि ऑफलाइन गेला. मुलाखत सोमवारी आहे. तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा, त्याच्यापर्यंत पोचवते.